सरोजबाई आणि माझी पमी

बाई गेल्याची बातमी आमच्या घरात आधी पमीला कळली. मी आत भाकऱ्या थापत होते, पमी पुढच्या खिडकीशी केस विंचरत उभी होती, आणि रस्त्यापलीकडे, ज्यांच्याकडे फोन आहे त्या कुलकर्णीकाकू फाटकात उभ्या राहून आमच्या ह्यांना काहीतरी सांगत होत्या. एवढ्या लांबून कुणालाच ऐकू आलं नसतं. पण पमीला ऐकण्याशी काही कर्तव्यच नाही. ती जन्मापासून बहिरी आहे, ती ओठ वाचते. काकूंचे ओठ तिने वाचले आणि फणी केसांत तशीच ठेवून आत आली. "आई, सरोजबाई गेल्या," तिच्या त्या जड, घशातल्या आवाजात म्हणाली. दोन्ही कान धडधाकट असलेल्या मला बातमी दुसऱ्या नंबरावर मिळाली. आणि तव्यावरची भाकरी उलटताना माझ्या मनात पहिला विचार काय यावा? रडू नाही आलं. मनात आलं, बघा, जाता जातासुद्धा ह्या बाई आधी हिलाच सांगून गेल्या.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. मीही लिहीन. बाईंनी नाशिकमधल्या कितीतरी बहिऱ्या मुलांना बोलतं केलं, त्यांच्या दोन खोल्यांतून शिकून गेलेली मुलं आज नोकऱ्या करतात, हे सगळं खरं आहे. गेले तीन-चार आठवडे जो भेटतो तो म्हणतो, बाई म्हणजे देवमाणूस. असतील हो. पण ज्या बाईला आपलं एकुलतं एक मूल त्या देवमाणसाबरोबर वाटून घ्यावं लागलं, तिला विचारा. मला सरोजबाईंचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, पोटात आग पडावी असा. आणि माणूस गेलं म्हणून हेवा जातो असं कुणी म्हणत असेल, तर त्याला तो कधी झालेलाच नाही.

पमीचं खरं नाव शर्वरी. ती बोलत नाही हे आमच्या लक्षात आलं होतं, पण ऐकत नाही हे लक्षात यायला फार उशीर झाला, आणि त्याला कारण देवळाली कॅम्पातल्या तोफा. माझी थोरली बहीण तिथे राहायची, मेहुणे लष्करात. तिकडे तोफांचा सराव सुरू झाला की तिच्या घराची तावदानं थरथरायची. शर्वरी तेव्हा सव्वा-दीड वर्षाची, फरशीवर फतकल मारून खेळत असायची. तोफ उडाली की ही दचकायची, भोकाड पसरायची, आणि आम्ही सगळे वेडे टाळ्या वाजवायचो! "तोफ ऐकते म्हणजे कान शाबूत आहेत," मेहुणे छातीठोकपणे सांगायचे. अहो, तोफ तिने कानांनी ऐकलीच नव्हती, बुडाखालच्या फरशीने ऐकली होती. पण आम्ही निर्धास्त राहिलो. सासूबाई निफाडकडच्या, त्यांचं पालुपद एकच, "हिचा बाप बी लय उशिरा बोलला व्हता." त्यांनी मधात वेखंड उगाळून पोरीच्या जिभेला लावलं, पोपटाने टोचलेला उष्टा पेरू आणून चारला, वणीच्या देवीला नवस बोलून झाला. शेवटी ती तीन वर्षांची झाल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, कानांत अगदी थोडं ऐकणं उरलंय, तेवढ्याला मशीन लावा, आणि बोलायला शिकवणारं कुणीतरी गाठा, आधीच उशीर झालाय... तसं शिकवणाऱ्या एक बाई नाशिकमध्येच आहेत, हेही त्यांनीच सांगितलं.

या सगळ्या काळात शर्वरी मुकी होती असं मात्र मी म्हणणार नाही. आमची दोघींची एक भाषा होती. मिशीला पीळ दिला की बाबा. डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं की आजी. कपाळाला हात लावून सलाम ठोकला की देवळालीची मावशी. आणि नाकपुडीला बोट लावलं की मी, कारण मी चमकी घालायची. दिवसातून शंभरदा ती पोर नाकाला बोट लावून मला हाक मारायची आणि मी हातातलं टाकून धावायची. घरातल्या इतरांना तिचं निम्मंसुद्धा कळायचं नाही. ह्यांनाही मला विचारावं लागायचं, "काय म्हणतेय गं ती?" आणि मी ऐटीत सांगायची. त्या ऐटीचं मी खोटं बोलणार नाही, मला ती फार आवडायची.

असं माझं राज्य चाललेलं असताना पंच्याहत्तर सालच्या आसपास आम्ही गंगापूर रोडवरच्या बाईंच्या दोन खोल्यांत गेलो. बाई चाळिशीच्या, सडसडीत, मोठ्या काचांचा चष्मा, लग्न न केलेल्या. खुर्ची असून जमिनीवर बसल्या, शर्वरीच्या तोंडासमोर तोंड येईल अशा. नाव विचारलं आणि मी सांगितल्यावर कपाळाला हात लावला. "कुणी ठेवलं हे? शर्वरी! यातलं एक अक्षर ओठांवर धड दिसत नाही. या पोरीला स्वतःचं नाव घ्यायला दहा वर्षं लागतील." मग तिथल्या तिथे म्हणाल्या, "आपण हिला पमी म्हणू. प आणि म, दोन्ही ओठांवर दिसतात." बारशाला चांदीचा करदोटा घालून, आत्याबाईंनी कानात सांगितलेलं नाव, या बाईंनी बसल्या बसल्या पुसून टाकलं! आणि तेच चिकटलं. आज शाळेच्या दाखल्यावर सोडलं तर शर्वरी कुठेही उरलेली नाही.

तेवढ्यात पोरीने माझ्याकडे बघून नाकाला बोट लावलं. बाईंनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, आणि आमच्या बाकीच्या खुणाही कौतुकाने करून दाखवल्या. वाटलं, शाबासकी मिळेल. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पमीच्या आई, तुम्हाला तिचं सगळं न बोलता कळतं ना, तीच पंचाईत आहे. तिला बोलायची गरजच उरलेली नाही. आजपासून तुम्हाला काही कळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तिने खूण केली की तुम्ही बघायचं नाही. कळलं तरी कळलं नाही असं दाखवायचं. तोंडातून आवाज काढेल, रडणं सोडून मग तो कसलाही असो, तेव्हाच वळायचं."

"आणि तिला तहान लागली असली तर?"

"तहान लागली की मूल आवाज काढतं," बाई म्हणाल्या. "हात चालेनासे झाले की आवाज निघतो. आता नाही केलंत तर पुढे कधीच नाही."

तेव्हा शिकवायची पद्धतच तशी होती. आजकाल खुणांनीही शिकवावं असं म्हणणारे लोक आहेत म्हणे. मला त्यातलं कळत नाही. मला एवढं कळतं की दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या पोरीला ओळखेनाशी झाले. ती माठाकडे बोट दाखवायची, मी भिंतीकडे बघायची. ती मिशीला पीळ द्यायची, बाबा कधी येणार विचारायची, मी तांदूळ निवडत बसायची. आणि नाकाला बोट... ते सोसवेना म्हणून मी चमकीच काढून ठेवली, तर ती माझ्या मोकळ्या नाकाकडे बघत राहिली आणि स्वतःच्या नाकपुडीवर बोट आणखी जोराने दाबायला लागली. तिला वाटलं, हळू म्हटलं म्हणून आईला समजलं नसेल. नाक लाल व्हायचं. मग ती खाली बसून रडायची आणि मी आत निघून जायची. सासूबाईंना हे बघवेना. "अगं, पोरगी मुकी हाय ते एक हाय," त्या कडाडल्या, "पण तू कशापायी बहिरी झाली?" त्यांना काय सांगणार? सांगून काही उपयोग नव्हता, आणि त्यांचं चुकलंही नव्हतं.

आता गंमत ऐका. आम्ही नाशिकरोडहून बसने सीबीएसच्या स्टँडवर उतरून, चालत बाईंकडे जायचो. पमीच्या छातीवर मी शिवलेल्या पिशवीत ते मशीन, दोन वायरी कानांत. बाई पमीला घेऊन आतल्या खोलीत आरशासमोर बसायच्या आणि मी बाहेर. एक दिवस दार किलकिलं होतं. पमीने दोन्ही हातांची वर्तुळं करून डोळ्यांवर धरली, म्हणजे चष्मा, म्हणजे सरोजबाई. तिने बाईंची खूण तयार केली होती! आणि बाईंनी काय करावं? भिंतीकडे बघितलं? छे! त्या खळखळून हसल्या, तिला मांडीवर घेतलं आणि तिला हवी होती ती गोळी डब्यातून काढून दिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई बाहेर आल्यावर मी विचारलंच, "बाई, नियम फक्त आईलाच का?" त्या जरा वरमल्या. "अहो, इथे ती तासभर नुसतं बोलून बोलून दमते. शेवटी थोडं चालतं." चालतं! तासाभराने चालतं, आणि मी चोवीस तासांची वैरीण.

त्याच दिवशी मी तिथे बसून रडले आणि भांडलेही. म्हटलं, "ही पोर मला पारखी व्हायला लागलीय. मी जवळ घेतलं तरी अंग चोरते. मोठी झाल्यावर हिला एवढंच आठवेल की आई आपल्याकडे बघायची नाही." बाईंनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. म्हणाल्या, "मोठी झाली की मी स्वतः सांगेन तिला. आईने पाठ फिरवली ती माझ्या सांगण्यावरून, आणि आईच्या जिवावर आलं होतं. तुम्ही सांगितलंत तर सबब वाटेल. मी सांगेन. शब्द देते." त्या शब्दावर मी घरी आले आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. बाईंनी मला दिलेली ती एकच गोष्ट, बाकी सगळं त्यांनी पमीला दिलं.

नियमाला फळ आलं, हे कबूल करायला हवं. कागदाची पट्टी ओठांसमोर धरून 'प' म्हटलं की ती फडफडते, 'म' म्हटलं की नुसती थांबते. गळ्याला हात लावला की आत गुणगुण लागते. पमीचा एक हात बाईंच्या गळ्यावर आणि एक स्वतःच्या, असे तास चालायचे. काही महिन्यांनी, माझ्यासमोर, पमीने पहिला शब्द उच्चारला. तो होता 'बाई.' मी पर्स उचलली आणि उठून चालू लागले. बाई धावत मागे आल्या, "अहो, 'बा' ओठांवर दिसतो. 'आई'मध्ये ओठ मिटतच नाहीत, तिला दिसणार काय? त्याला वेळ लागतो." शास्त्र पटलं हो मला. पण शास्त्र पटलं म्हणून काळीज थोडंच गप्प बसतं? मी घरी पमीचा हात माझ्या गळ्यावर धरून 'आई, आई' म्हणत बसायची, गळा बसेपर्यंत. शेजारच्या बायकांना वाटायचं, ही बया स्वतःलाच हाका मारतेय.

आणि मग एकदा सीबीएसच्या गर्दीत माझा हात सुटला. मी चार पावलं पुढे गेले असेन, मागून एक आवाज आला. "आऽऽई!" जात्याखाली दाणा भरडावा तसा खरखरीत आवाज, सगळं स्टँड वळून बघायला लागलं, एक कंडक्टर हसला. मी वळले. इतक्या महिन्यांनी, सगळ्यांच्या देखत, नियमाप्रमाणे मला तिच्या हाकेला वळायची परवानगी मिळाली होती! पोरीला कडेवर घेतलं, "पुन्हा म्हण" म्हटलं, आणि ती पुन्हा म्हणाली तेव्हा मला दिसलं. 'ई' म्हणताना तिची डावी भुवई वर जात होती. बाईंची जायची तशी, हुबेहूब. बाईंच्या तोंडाकडे बघून ती बोलणं शिकली, तर तिला वाटलं भुवईसुद्धा त्या अक्षरातच असते. आजही पमी मला आई म्हणते ती त्या भुवईसकट. स्वतःच्या लेकीच्या तोंडून आपलं नाव दुसऱ्या बाईच्या चेहऱ्याने ऐकायचं, हे कसं असतं ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

पण बाई नसत्या तर ते नावही नसतं. साध्या शाळेत पमीला घ्यायला हेडमास्तर तयार नव्हते, "वर्गाला त्रास होईल" म्हणाले. बाई त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत. शिपाई दिवे घालवायला आला तेव्हा हेडमास्तरांनी प्रवेश दिला. कुणी माझ्या पोरीसाठी असं ठाण मांडून बसलं की मला वाटायचं, या बाईच्या पाया पडावं, आणि पाया पडायला वाकले की वाटायचं, हे खरं तर मी करायला हवं होतं.

पमी मोठी झाली. दर रविवारी एकटी बसने बाईंकडे जायला लागली आणि दिवेलागणीला परत यायची, चेहरा असा उजळलेला की विचारू नका. काय बोललात? "खूप." एवढंच. ती दहावी झाली तेव्हा मी पेढे घेऊन बाईंकडे गेले आणि पमी आत पाणी आणायला गेल्याचं बघून हळूच विचारलं, "बाई, तिला सांगितलंत का? तुम्ही शब्द दिला होता." बाईंच्या लगेच लक्षात आलं. पेढ्याचा कागद उलगडत, न बघता म्हणाल्या, "सांगायचंय हो... आता ती माझ्याशी मोकळेपणाने बोलायला लागलीय. लहानपणचं सांगते, 'तेव्हा बाई, तुम्ही होतात म्हणून बरं झालं' म्हणते. राहू द्या ना थोडे दिवस." मी बघतच राहिले. एवढी हुशार बाई, पण चेहरा चोरी सापडलेल्या पोरासारखा! त्या दिवशी मला कळलं की जळणारी मी एकटी नव्हते. संध्याकाळ झाली की पमी माझ्या घरी यायची, त्यांच्या घरी नाही. आजारी पडली की माझ्या कुशीत. आणि त्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या त्या बाई. त्यांच्याजवळ माझ्या पोरीचं एवढंच होतं, की लहानपणी आईला कळायचं नाही आणि बाईंना कळायचं. तेवढं त्यांना सोडवेना. खरं सांगू? मला त्यांची दया आली पाहिजे होती. पण मला बरं वाटलं. तो पेढा मला फार गोड लागला.

थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. बाई झोपेतच गेल्या, कुणाला काही न सांगता.

शोकसभा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी घेतली. पमीने बोलायचं ठरवलं होतं. तिचं बोलणं सवय नसलेल्याला पटकन कळत नाही. पुरतं कळायचं ते बाईंना आणि मला. म्हणून तिने एकेक वाक्य बोलायचं आणि शेजारी उभं राहून मी ते जसंच्या तसं मोठ्याने सांगायचं, असं ठरलं. मागे बाईंचा हार घातलेला फोटो. पमी म्हणाली, मी म्हटलं, "मला बोलता येत नव्हतं. मी हातांनी बोलायचे." पमी म्हणाली, मी म्हटलं, "माझ्या आईला सगळं कळायचं." इथे माझी मान जरा ताठ झाली. मग पमी पुढचं वाक्य बोलली. सभागृह माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी म्हटलं, "मग एक दिवस आईला माझं कळेनासं झालं." "मी हाक मारायचे, आई बघायची नाही." "मला वाटायचं, मी काहीतरी वाईट केलंय, म्हणून आईने मला टाकलं." "मी रोज रडायचे." "तेव्हा बाई होत्या. बाईंना कळायचं."

मी एखादं वाक्य बदललं असतं तर समोरच्या कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. पण पमी माझ्या ओठांकडे बघत होती. आणि बदलण्यापेक्षा सोपं होतं, पुढे एक वाक्य माझं जोडायचं: तो नियम बाईंचा होता. तोंडाशी आलं होतं. पण सभा बाईंची होती, त्यांना हार घातलेला होता, उत्तर द्यायला त्या नव्हत्या... मी गिळलं. पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. चहाच्या वेळी त्यातली एक मला म्हणालीच, "एवढंसं लेकरू, तुम्हाला बघवायचं कसं नाही हो?" मी तिला म्हटलं, बिस्किट घ्या. बसमध्ये पमीने माझ्या दंडाला हात लावून विचारलं, "आई, माझे उच्चार बरोबर होते ना?" भुवई वर. मी म्हटलं, "अगदी स्पष्ट."

घरी येऊन सांगता आलं असतं. पण पमी बोलणाऱ्याचा आवाज ऐकत नाही, चेहरा बघते, आणि माझ्या चेहऱ्यावर तिला आधी माझा जळकेपणा दिसला असता, मग शब्द. कागदाला चेहरा नसतो. म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी "बाईंबद्दल चार शब्द लिहा" म्हटल्याबरोबर मी हो म्हटलं. आमच्याकडे रविवारची पुरवणी आधी पमीच्याच हातात पडते. तर पमे, वाच. तो नियम बाईंचा होता, पाळला मी. बाई चांगल्या होत्या, तू बोललीस ती त्यांच्यामुळे, आणि त्या नियमामुळेच. पण तुला मी टाकलं नव्हतं गं. तू बाहेर रडायचीस तेव्हा मी आत दाराला पाठ लावून बसलेली असायची आणि रडायची, सासूबाई धावत याव्यात एवढ्या मोठ्याने. सगळ्या आळीला ऐकू जायचं. तुला तेवढं ऐकू आलं नाही.